तिकिटं बंद होतायत, पण त्रास कमी होतोय का?

प्रश्न: मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत आयटी सपोर्टची टीम सांभाळतो. तिकिटिंग सिस्टिम आहे, म्हणजे कोणाचीही आयटीची तक्रार आली की तिचं एक तिकीट बनतं, सगळं त्यातच नोंदवलं जातं. मी रिपोर्टिंगसाठी नीट सॉफ्टवेअर मागितलं तर मॅनेजमेंट म्हणतं कशाला, महिनाअखेरीला एक्सेल काढा, किती आली किती बंद झाली ते पाठवा, झालं. एसएलए, म्हणजे तिकीट किती वेळात सोडवायचं याची ठरलेली मुदत, आम्ही ९७ टक्के पाळतो, तरी लोक म्हणतात आयटीवाले लक्ष देत नाहीत. रिपोर्टिंगवर खर्च करण्यात खरंच अर्थ आहे का?

उत्तर: आहे, आणि त्याचं कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय. ९७ टक्के एसएलए आणि नाराज लोक, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात बरेचदा. या क्षेत्रात त्याला कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवंगार आणि कापलं की लाल. समजा महिन्याला हजार तिकिटं येतात, म्हणजे ३० वेळेत झाली नाहीत. ही ३० सगळ्या कंपनीत विखुरलेली असतील तर फारसं कोणाला जाणवणार नाही, पण त्यातली २५ एकट्या अकाउंट्सची असतील आणि तीही महिनाअखेरीच्या दोन-तीन दिवसांतली, तर अकाउंट्सवाल्यांना तुमचे ९७ टक्के सांगून काही उपयोग नाही, त्यांचं काम नेमकं हवं तेव्हा अडलेलं असतं. रिपोर्टिंग टूलचं पहिलं काम हेच की तो एकच आकडा डिपार्टमेंट, सर्व्हिस, दिवस, वेळ असा फोडून दाखवायचा आणि आकड्यावर क्लिक केलं की त्याच्या मागची तिकिटं समोर यायला पाहिजेत. एक्सेलमध्ये हे होत नाही असं नाही, पण दर वेळी कोणीतरी तासन् तास बसून करायचं म्हटलं की दोन महिन्यांनी ते बंदच पडतं.

आता घड्याळाकडे बघा. तिकीट होल्डवर टाकलं की बहुतेक ठिकाणी एसएलएचं घड्याळ थांबतं, युजरकडून माहिती यायची असते म्हणून, आणि ते रास्तच आहे. पण सहाची डेडलाइन असलेलं तिकीट पावणेसहाला होल्डवर जातं, युजरला एक मेल जातो की अजून त्रास होतोय का, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच तिकीट परत सुरू होतं. रिपोर्टमध्ये ते वेळेत झालेलं, युजरचा मात्र अख्खा दिवस गेला. म्हणून तिकिटाने कोणत्या स्टेटसमध्ये किती वेळ काढला हे वेगळं मोजायला हवं, आणि डेडलाइनच्या आधीच्या अर्ध्या तासात किती तिकिटं होल्डवर गेली याचाही एक रिपोर्ट लावा. हे कोणाला पकडायला नाही हो, बरेचदा त्यातून माणसं कमी पडतायत एवढंच दिसतं, आणि माणसं मागायला जाताना तोच पुरावा हातात लागतो.

सरासरीवर तर अजिबात भरवसा ठेवू नका. दहा तिकिटं घ्या, नऊ प्रत्येकी दोन तासांत सुटली आणि एकाला ८२ तास लागले. सरासरी येते दहा तास. आता दहा तास कोणालाच लागलेले नाहीत, नऊ जणांचं काम पटकन झालं आणि एक माणूस तीन दिवसांहून जास्त अडकून पडला, हे दोन्ही त्या दहामध्ये गायब झालं. मध्यक, म्हणजे वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढलात तर दोन तास येतो, त्याच्या शेजारी नव्वदावा किंवा पंच्याण्णवावा पर्सेंटाइल (नव्वद किंवा पंच्याण्णव टक्के तिकिटं जेवढ्या वेळात सुटली तो वेळ) ठेवा म्हणजे शेपटीला कोण लटकलंय ते पण दिसतं. आणखी एक गोष्ट फार कमी जण बघतात, तिकीट सुटायला लागलेल्या वेळेची सरासरी बंद झालेल्या तिकिटांवरच निघते, उघडी पडून राहिलेली तिकिटं त्या हिशोबात नसतातच. म्हणजे तुमच्या टीमने एखाद्या महिन्यात मेहनत घेऊन जुनी रखडलेली सगळी तिकिटं निकाली काढली तर त्या महिन्याची सरासरी उलट वाढते, आणि वरचे विचारतात या महिन्यात काय झालं तुम्हाला! चांगल्या कामाची शिक्षा मिळते ही. म्हणून उघड्या तिकिटांचं वय दाखवणारा रिपोर्ट, आठवड्याच्या आतली किती, महिन्याच्या वरची किती, हा रोज डोळ्यासमोर असलाच पाहिजे.

पण मला विचाराल तर रिपोर्टिंगची खरी कमाई याहून पुढे आहे. आयटिल, म्हणजे आयटी सेवा कशी चालवावी याची मार्गदर्शक चौकट, शिकवताना पहिल्याच धड्यात इन्सिडंट आणि प्रॉब्लेम यातला फरक सांगतात, इन्सिडंट म्हणजे आत्ता काम अडलंय ते, प्रॉब्लेम म्हणजे ते पुन्हा पुन्हा का अडतंय त्याचं मूळ. एक एक तिकीट सोडवणाऱ्या माणसाला मूळ दिसत नाही. समजा व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सोय) कनेक्ट होत नाही अशी तिकिटं येतायत, इंजिनिअर म्हणतो थोड्या वेळाने परत ट्राय करा, ते चालतं, तिकीट दहा मिनिटांत बंद, एसएलए उत्तम. तीच तिकिटं वार आणि तास अशा तक्त्यावर मांडली आणि दिसलं की बहुतेक सगळी सोमवारी सकाळी नऊ ते दहामध्येच येतात, तर लगेच लक्षात येतं की एका वेळी किती जण जोडले जाऊ शकतात त्याची मर्यादा संपत असणार. ती मर्यादा वाढवली की तिकिटं येणंच थांबतं. आणि त्याच ग्राफवर सिस्टिममध्ये केलेल्या चेंजेसच्या तारखा टाका, एखादा अपडेट गेला आणि दुसऱ्या दिवसापासून तिकिटं वाढली असं असेल तर ते ओरडून सांगतो तो ग्राफ.

एक अट आहे मात्र. तिकीट भरताना कॅटेगरीच्या जागी 'इतर' निवडलेलं असेल तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला काही सांगू शकणार नाही. लांबच्या लांब यादी दिली की माणूस घाईत जे वर दिसेल ते किंवा 'इतर' निवडतो, त्यामुळे यादी छोटी ठेवा, आणि तिकीट बंद करताना खरं कारण काय निघालं ते वेगळं नोंदवायला सांगा, कारण उघडताना युजर जे म्हणतो आणि शेवटी जे निघतं त्यात बराच फरक असतो. दर महिन्याला 'इतर'मधली तिकिटं नुसती वाचून काढा, नवीन कॅटेगरी तिथेच सापडते.

मॅनेजमेंटला अजून काही दाखवायचं असेल तर आयएसओ २०००० या आयटी सेवांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीत सर्व्हिस रिपोर्टिंग हे स्वतंत्र कलम आहे, ९.४, आणि त्यात रिपोर्ट काढून थांबायचं नाही, त्यावरून निर्णय घेऊन कृती करायची असं स्पष्ट म्हटलंय. २०१९ मध्ये आलेल्या आयटिल ४ मध्येही मोजमाप आणि रिपोर्टिंग ही त्यांच्या ३४ प्रॅक्टिसेसपैकी एक आहे.

प्रश्न: मी सर्व्हिस डेस्कवर काम करते. आमच्याकडे डॅशबोर्ड बसवला आणि आता रोज मोठ्या स्क्रीनवर कोणी किती तिकिटं बंद केली त्याची नावानिशी यादी दिसते, अप्रेझललाही तेच बघणार म्हणे. मी अवघड तिकिटं घेते म्हणून कायम खाली असते. हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही ताई, बरोबर नाही, आणि यात तुमचं नुकसान आहे तसंच कंपनीचंही आहे. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये जे मांडलं ते आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं, मोजमाप हेच टार्गेट झालं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं. सर्व्हिस डेस्कवर हे फार लवकर दिसतं, पासवर्ड रिसेटची तिकिटं उचलायला सगळे पुढे आणि सर्व्हर स्लो आहे म्हटलं की कोणी हात लावत नाही, एका त्रासाची तीन तिकिटं केली जातात, सुटलं नाही तरी बंद केलं जातं. तुम्ही तक्रार म्हणून जाऊ नका, दोन रिपोर्ट मागा. एक, बंद केल्यावर परत उघडलेली तिकिटं किती, आणि दुसरा, तिकिटांची संख्या प्रायोरिटी आणि प्रकारानुसार वेगळी करून. हे दोन आकडे शेजारी आले की यादीचा अर्थ बदलतो. आणि तुम्ही एखाद्या अवघड तिकिटावरून नॉलेज बेसमध्ये (उपायांच्या सामायिक संग्रहात) लेख लिहिला असेल, तर तो वापरून इतरांनी किती तिकिटं सोडवली हेही बऱ्याच टूल्समध्ये निघतं, ते आवर्जून दाखवा कारण तुमचं खरं काम तिथे आहे. माणसांची नावं स्क्रीनवरून काढावीत असं माझं स्पष्ट मत आहे, स्क्रीनवर कामाची रांग दिसू दे.

प्रश्न: तिकिटिंग सिस्टिममध्येच रिपोर्ट्स असतात, मग पॉवर बीआय किंवा ग्राफाना सारखं डेटाचे ग्राफ काढणारं वेगळं टूल कधी घ्यावं?

उत्तर: आधी आहे ते पूर्ण वापरा. सर्व्हिसनाऊ, जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट, फ्रेशसर्व्हिस, मॅनेजइंजिन या सगळ्या तिकिटिंग सिस्टिममध्ये रोजच्या गरजेपुरतं असतंच, ओपन सोर्स जीएलपीआयमध्येही मूलभूत आकडेवारी मिळते. वेगळं टूल लागतं ते मॉनिटरिंग (सर्व्हर-नेटवर्कवरची देखरेख), अॅसेट (कंपनीची उपकरणं) आणि तिकिटं असा तीन ठिकाणचा डेटा एकत्र बघायचा असेल तेव्हा. दुसरं कारण म्हणजे इतिहास, तिकिटाच्या मुख्य टेबलमध्ये फक्त आजचं स्टेटस असतं, त्यामुळे तीन महिन्यांपूर्वी अमुक तारखेला किती तिकिटं उघडी होती असं विचारलं की गडबड होते. त्यासाठी रोज रात्री एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, साठवायला लागा, आणि हे आजच सुरू करा, टूल नंतर घेतलं तरी चालेल पण न साठवलेला इतिहास मागून आणता येत नाही. जोडताना लाइव्ह डेटाबेसवर थेट जड क्वेऱ्या टाकू नका, रेप्लिका, म्हणजे त्याची वेगळी प्रत, वापरा, नाहीतर रिपोर्ट निघेपर्यंत हेल्पडेस्कच हळू होतो. वेळा बऱ्याच सिस्टिम यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, साठवतात ते बघून घ्या, नाहीतर सकाळची तिकिटं पहाटेची दिसतील. आणि एचआरची तिकिटं कोणाला दिसणार ते पहिल्याच दिवशी ठरवा, तिकिटिंगमध्ये लावलेल्या परवानग्या बाहेरच्या टूलमध्ये आपोआप येत नाहीत.