मानवतावादी छायापत्रकार म्हणून डेव्हिड सेमूर, म्हणजेच ‘शिम’, यांचं महत्त्व काय?

माझ्या मते एकच फोटो बघा, उत्तर मिळेल. 1948, वॉर्सा. युद्धाने मनावर घाव झालेल्या मुलांच्या संस्थेत तेरेस्का नावाच्या मुलीला फळ्यावर ‘घर’ काढायला सांगितलं होतं. तिने खडूने नुसत्या गुंतागुंतीच्या रेघा ओढल्या. फोटोत ती त्या रेघांशेजारी उभी राहून आपल्याकडे बघतेय, आणि ती नजर सोसवत नाही. प्रेत नाही, रक्त नाही, तरी सगळं युद्ध त्यात आहे.

युनिसेफसाठी शिम तेव्हा युरोपातल्या पाच देशांतल्या मुलांचे फोटो काढत होते. वॉर्सा त्यांचं जन्मगाव (जन्म 1911, मूळ आडनाव शिमिन, त्यावरून ‘शिम’). आईवडिलांना नाझींनी मारलं होतं. हे ठाऊक असलं की तो फोटो आणखी जड होतो.

त्याआधी स्पेनचं यादवी युद्ध त्यांनी टिपलं, तिथेही आघाडीइतकंच लक्ष सामान्य माणसांकडे. 1947 मध्ये रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ आदींबरोबर ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांच्याच मालकीची संस्था काढली. 1954 मध्ये कापा वारल्यावर अध्यक्षपदही यांच्याकडेच आलं.

10 नोव्हेंबर 1956 ला सुएझजवळ जखमी कैद्यांच्या अदलाबदलीचे फोटो काढायला जाताना इजिप्शियन मशीनगनच्या गोळीबारात ते गेले. सुएझ कालव्यावरून पेटलेल्या युद्धात युद्धविराम होऊन जेमतेम चार दिवस झाले होते.