स्कीम भाषेतून ठिबकचा आराखडा पडद्यावर आणि कागदावर: लायब्ररी कशी निवडावी

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा समजला. वरुडकडे तुमचं कृषी सेवा केंद्र आहे. संत्र्याच्या बागेचं माप टाकलं की मेन लाइन, सबमेन, लॅटरल किती मीटर आणि ड्रिपर किती नग, हे सांगणारा प्रोग्राम तुम्ही चिकन स्कीममध्ये (स्कीम ही प्रोग्रामिंगची भाषा, चिकन हा तिचा कंपाइलर) लिहिला आणि हिशोब चोख येतो. आता तोच आराखडा पडद्यावर दिसला पाहिजे, व्हॉल्व्ह माउसने इकडचा तिकडे करता आला पाहिजे आणि शेतकऱ्याच्या हातात छापील कागद देता आला पाहिजे. दुकानात विंडोज, तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स, पुण्यातल्या भावाकडे मॅक. स्कीमसाठी तिन्हीकडे चालेल अशी ग्राफिक्स लायब्ररी (चित्र काढायच्या तयार फंक्शन्सचा संच) आहे का, की सगळं पायथनमध्ये पुन्हा लिहू, असं तुम्ही विचारलं आहे.

पुन्हा लिहू नका. चालता हिशोब मोडून टाकण्याइतकं मोठं हे कारण नाही.

"स्कीमची ग्राफिक्स लायब्ररी" असं शोधलं की अर्धवट सोडलेले प्रकल्प हाती लागतात आणि माणूस खचतो. कमी वापरात असलेल्या प्रत्येक भाषेचं असंच आहे. निम घ्या, जॅनेट घ्या, कॉमन लिस्प घ्या. पण पायथनवाल्यांकडे तरी वेगळं काय आहे? त्यांची पायगेम ही खेळ बनवायची लायब्ररी आत एसडीएलवरच उभी आहे, आणि खिडकी-माउस सांभाळणारं हे एसडीएल सी भाषेत लिहिलेलं आहे. खिडकी उघडणं, माउस वाचणं, रेघ ओढणं ही कामं करणाऱ्या जुन्याजाणत्या लायब्रऱ्या बहुतेक सी मध्येच आहेत. तेव्हा कोणत्या सी लायब्ररीचे फंक्शन तुमच्या भाषेतून विनात्रास हाकता येतात, हे पाहायचं. भाषेसाठी कोणी काय बनवून ठेवलं आहे, ते त्यानंतर.

इथे एक गोष्ट खोलात सांगतो, कारण निवड हिच्यावरच ठरते. रेलिब ही सी मधली ग्राफिक्स लायब्ररी तुम्ही पाहिलीच असेल, सगळीकडे तिचीच शिफारस होते आणि लायब्ररी खरोखर सुंदर आहे. पण तिच्या चित्र काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येक फंक्शनला रंग, बिंदू, टेक्स्चर (चित्राचा तुकडा) हे सगळं स्ट्रक्ट (अनेक मूल्यांचा एक गठ्ठा) म्हणून थेट द्यावं लागतं, पॉइंटर (त्या गठ्ठ्याचा मेमरीतला पत्ता) चालत नाही. चिकन ५ च्या फॉरेन-लॅम्ब्डातून (सी चं फंक्शन बोलवायची सोय) स्ट्रक्ट असा थेट जात नाही, परतही येत नाही. फक्त त्याचा पॉइंटर जातो. म्हणजे वापरायच्या प्रत्येक फंक्शनसाठी सी मध्ये एक छोटं वेष्टण लिहिणं आलं. कॉमन लिस्पच्या सीएफएफआयलाही (सी शी जोडणारा दुवा) यासाठी लिबएफएफआयची वेगळी जोड लागते. एसडीएल २ मध्ये बहुतेक ठिकाणी पॉइंटर आणि साधे पूर्णांक असतात. चौकोन द्यायचा तर चौकोनाचा पॉइंटर द्या, झालं. कायरो या चित्र काढणाऱ्या लायब्ररीत तर रेघ कुठून कुठवर, जाडी किती, रंग कोणता, हे सगळं साध्या दशांश संख्यांनी सांगता येतं. कोणतीही लायब्ररी घेण्याआधी तिची हेडर फाइल (फंक्शन्सची यादी) उघडा आणि तुम्हाला लागणारी वीसेक फंक्शन्स वाचा. पॉइंटर आणि आकडेच दिसले तर ती तुमच्या भाषेत नांदेल. हेडरमध्ये मॅक्रो (कंपाइलच्या आधी बदलून जाणारी लघुरूपं) फार असतील तर मात्र जपून, कारण बऱ्याच भाषांना ते बाहेरून दिसतच नाहीत.

रेलिबबद्दल आणखी एक. ते मुळात ओपनजीएल (ग्राफिक्स कार्डाशी बोलायची पद्धत) ३.३ धरून बांधलेलं असतं. गावाकडच्या दुकानांत इंटेलच्या जुन्या ग्राफिक्सचे संगणक अजून चालू आहेत आणि तिथे ओपनजीएल २.१ च्या पुढे काही मिळत नाही. रेलिब खालच्या आवृत्तीसाठी बांधता येतं, पण ते बांधकाम तुमच्या गळ्यात पडतं. मॅकवर ॲपलने २०१८ मध्येच ओपनजीएल कालबाह्य ठरवलं आहे. एसडीएलचा रेंडरर (रंगवणारा भाग) विंडोजवर त्याच कामाचं डायरेक्ट३डी, मॅकवर मेटल, लिनक्सवर ओपनजीएल स्वतःच निवडतो, आणि काहीच नसलं तर सॉफ्टवेअरने रंगवतो. ठिबकच्या आराखड्याला तेवढं भरपूर आहे.

माझा सल्ला असा: खिडकी आणि माउस एसडीएल २ कडे, चित्र कायरोकडे, अक्षरं पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीकडे.

आता अक्षरांचं. मराठी माणसाने ग्राफिक्स लायब्ररी निवडताना पहिली कसोटी हीच लावावी असं माझं ठाम मत आहे, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांमध्ये ती सापडत नाही. बऱ्याच हलक्या लायब्रऱ्या एकेक युनिकोड चिन्ह उचलून ओळीने मांडतात. इंग्रजीला ते पुरतं. देवनागरीत "ठिबक" लिहिलं की साठवणीत आधी ठ येतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. चिन्हं नुसती ओळीने मांडली तर वेलांटी ठ च्या उजवीकडे जाऊन ब ला चिकटते. "मोर्शी"तला रफार शी वर चढत नाही, पाय मोडलेला र बाजूला उभा राहतो. "शेतकऱ्याचे नाव" यातला ऱ्य तर पार विस्कटतो. एका जिनिंगसाठी मी काट्याच्या पावतीचं काम केलं, तेव्हा अशी नमुना पावती दिवाणजींनी हातात घेतली आणि लगेच परत केली. त्यांचं बरोबरच होतं. ज्या कागदावर आपलं नाव धड वाचता येत नाही, त्यावर शेतकऱ्याने विश्वास का ठेवावा?

ही मांडणी करण्याचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते आणि पँगो आतून तिलाच वापरतो. रेलिबच्या साध्या मजकूर फंक्शनमध्ये हार्फबझ नाही. एसडीएलची टीटीएफ जोड हार्फबझसह बांधलेली असेल तर चालते, पण तुमच्या हातातली प्रत तशी आहे का ते तपासावं लागतं. पँगोला भाषा मराठी असल्याचंही सांगा. काही फाँटांत ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात, भाषा सांगितली की तीच येतात. फाँट नोटो सान्स देवनागरी घ्या, त्याचा परवाना मोकळा आहे. चिकन ५ मध्ये स्ट्रिंग बाइटांनी मोजली जाते, म्हणून "ठिबक"ची लांबी १२ येईल. घाबरू नका. यूटीएफ-८ मजकूर आहे तसा पँगोला द्या, तो बरोबर वाचतो. अक्षरं मोजायची किंवा तोडायची असतील तेव्हाच यूटीएफ-८ चं एग (चिकनची जोड-लायब्ररी) लावा. शेतकऱ्यांची जुनी यादी कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली असेल तर ती आधी युनिकोडमध्ये आणा, कारण त्या फाइलींत देवनागरी नसतेच, इंग्रजी चिन्हांना देवनागरीचा मुखवटा असतो.

कायरो घेण्याचं दुसरं कारण कागद. धुरे, विहीर, पांदण, झाडांच्या ओळी, सबमेन हे सगळं काढणारं एकच फंक्शन लिहा आणि त्याला फक्त कायरोचा कॉन्टेक्स्ट (कशावर काढायचं ते सांगणारी वस्तू) द्या. कॉन्टेक्स्ट प्रतिमेचा असला तर चित्र पडद्यावर जातं, पीडीएफचा असला तर कागदावर. दोनदा लिहायला नको, आणि पडद्यावर एक, कागदावर दुसरंच असा घोळ होत नाही. पीडीएफमध्ये माप पॉइंटात असतं, ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. ए-४ कागद ५९५ बाय ८४२ पॉइंटांचा. १:५०० प्रमाण धरलं तर वावरातला एक मीटर कागदावर दोन मिलिमीटर होतो, म्हणजे सुमारे ५.६७ पॉइंट. सहा बाय सहा मीटरवरची संत्र्याची झाडं बारा-बारा मिलिमीटरवर पडतील, वाचायला छान. पण हेक्टरभर चौकोनी वावर २० सेंटिमीटर भरेल आणि कागदाची रुंदी २१ आहे. प्रिंटर कडेला जागा सोडतोच, म्हणून तिथे १:६०० ठेवा. फाँट पीडीएफच्या आतच बसतो, त्यामुळे तालुक्याच्या कोणत्याही झेरॉक्सवाल्याकडे कागद जसाच्या तसा निघतो.

पडद्याकडची जोडणी अशी. कायरोची एआरजीबी३२ प्रतिमा तयार करा, तिच्यात काढा, फ्लश करा, तिचा डेटा पॉइंटर आणि स्ट्राइड (एका ओळीचे बाइट) घेऊन एसडीएलच्या एआरजीबी८८८८ टेक्स्चरमध्ये ओता. दोघांची मांडणी जुळते, रंग उलटेपालटे होत नाहीत. पिक्सेलची जागा कायरोलाच घेऊ द्या. स्कीमच्या ब्लॉबचा (कच्च्या बाइटांच्या साठ्याचा) पत्ता सी कडे जपून ठेवायला देऊ नका, कारण चिकनचा कचरा-संकलक वस्तू एका जागेवरून दुसरीकडे हलवतो आणि जुना पत्ता फोल ठरतो. असा दोष कधी तासाभराने उमटतो, कधी दुसऱ्याच संगणकावर, आणि शोधता शोधता जीव जातो. त्याच कारणाने कॉलबॅकपासून, म्हणजे सी ने स्कीमला हाक मारण्यापासून, लांब राहा. सी कडून स्कीमचं फंक्शन बोलवायचं असेल तर फॉरेन-सेफ-लॅम्ब्डा लागतं, साध्या फॉरेन-लॅम्ब्डाने प्रोग्राम कोसळतो. एसडीएलचा टायमर तर वेगळ्या थ्रेडवरून हाक मारतो, तो वापरूच नका. इव्हेंट (माउस, कीबोर्डच्या घडामोडी) स्वतः मागून घ्या. इव्हेंटचा युनियन (एकाच जागेत अनेक प्रकार ठेवणारा सी चा गठ्ठा) स्कीममधून फोडत बसण्यापेक्षा चार ओळींची सी फंक्शन्स लिहा: प्रकार काय, माउसचा एक्स किती, वाय किती. चिकन सी मधूनच कंपाइल होतं, त्यामुळे हे तुकडे त्याच फाइलीत बसतात. कमी वापराच्या भाषांमध्ये ही सोय सगळ्यांकडे नाही, तुमच्याकडे आहे, तिचा भरपूर फायदा घ्या.

इव्हेंट मागताना पोल (सतत विचारत राहणं) न करता वेट (येईपर्यंत थांबणं) वापरा. आराखडा म्हणजे खेळ नव्हे, माउस हलला नाही तर पुन्हा रंगवायचं कारणच नाही. भारनियमनात दुकान इन्व्हर्टरवर असतं, तेव्हा रिकामा फिरणारा लूप बॅटरी खातो.

तयार एग वापरावं का? एसडीएल २ चं एग आहे, ते आधी लावून बघा. शेवटचा बदल केव्हाचा आहे यावरून निकाल देऊ नका. एसडीएल २ चा इंटरफेस स्थिर आहे, त्यावरचं बाइंडिंग (भाषेला लायब्ररीशी जोडणारा थर) एकदा पुरं झालं की त्याला रोज हात लावावा लागत नाही. मी बघतो ते हे की आतला कच्चा पॉइंटर बाहेर मिळतो का. तो मिळाला नाही तर कायरोशी गाठ बांधता येत नाही, मग एग कितीही देखणं असो. एसडीएल ३ जानेवारी २०२५ मध्ये स्थिर झालं म्हणून २ घ्यायला कचरू नका. जुने प्रोग्राम ३ वर चालवणारा सुसंगतीचा थर एसडीएलवाल्यांनीच दिला आहे. कायरो आणि पँगोची लागणारी तीसेक फंक्शन्स मात्र हाताने बांधा. निवांत बसलात तर रविवारचं काम आहे, आणि पुढे काही अडलं तर दुरुस्ती तुमच्याच हातात राहते. रेंज चांगली असेल तेव्हा चिकन-इन्स्टॉलला (एग बसवणारी आज्ञा) फक्त उतरवून ठेवण्याचा पर्याय देऊन सगळ्या एगांचा सोर्स पेनड्राइव्हवर घ्या.

माउसने काहीच हलवायचं नसतं तर मी यातलं काही सुचवलं नसतं. स्कीममधून एसव्हीजी (मजकुरातून चित्र सांगणारी) फाइल लिहा, ब्राउझरमध्ये उघडा, मराठी बरोबर दिसतं, बाइंडिंगची गरजच नाही. खरं तर सुरुवात म्हणून आजच हे करा, म्हणजे झाडांच्या ओळी आणि लॅटरल जागेवर पडतात का ते कळेल आणि गिऱ्हाइकालाही दाखवता येईल.

राहिलं विंडोज. सगळं एमएसवायएस २ (विंडोजवर सी चे प्रोग्राम बांधायची साधनं) मध्ये बांधा, तिथे एसडीएल २, कायरो, पँगो तिन्ही पॅकेजं तयार मिळतात. ३२ आणि ६४ बिटांची सरमिसळ होऊ देऊ नका. प्रोग्रामच्या शेजारी लागणाऱ्या सगळ्या डीएलएल (लायब्रऱ्यांच्या फाइली) ठेवा. पँगो आपल्यासोबत बरीच मंडळी आणतो, एकही राहिली तर प्रोग्राम उघडतच नाही. फाँटही सोबत द्या, पण नुसती फाइल शेजारी ठेवून पँगोला तो दिसत नाही, विंडोजमध्ये बसवावा लागतो. तोवर विंडोज १० वरचा निर्मला यूआय मराठीला चालतो. चाचणी तुमच्या लॅपटॉपवर घेऊ नका, ज्यावर एमएसवायएस कधीच टाकलेलं नाही अशा संगणकावर घ्या. मॅकवर होमब्रू या पॅकेज उतरवणाऱ्या साधनातून तिन्ही येतात. तिथे दाट पडद्यावर चित्र धूसर दिसलं तर खिडकी हाय-डीपीआयला परवानगी देऊन उघडा आणि रेंडररचं खरं माप विचारून कायरोला तेवढं स्केल द्या.

इव्हेंटची सी फंक्शन्स लिहून झाली की इथेच टाका, मी लिनक्स आणि विंडोज दोन्हीवर चालवून बघतो.