ओल्या कचऱ्यापासून सुरुवात करा

पहाटेचं फिरणं, कापडी पिशवी, घरचं कंपोस्ट, मोबाईल कमी... सगळं एकाच सोमवारपासून? बेत छान आहे, पण पंधरा दिवसांत सगळंच बारगळेल. एकच धरा. मला विचाराल तर ओल्या कचऱ्याचं खत, कारण हा कचरा घरात रोज तयार होतोच, वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

जुनी बादली घ्या, तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, विटांच्या तुकड्यांवर ठेवा. मग एवढंच सांभाळा:

- एक वाटी ओलं, तर दोन वाट्या सुकं. नवी माणसं इथेच चुकतात; सालींवर साली टाकत जातात आणि आठवड्यात वास सुटतो. सुका पाला नसेल तर गावाकडून उसाचं पाचट मागवा आणि बारीक तोडून घाला. आपल्या बेळगाव जिल्ह्यात त्याला काय तोटा? शेतात जाळतातच की लोक!
- मुठीत दाबून बघा. हाताला ओल लागावी, पाणी गळू नये.
- शिजलेलं, तेलकट, मासळी सध्या नको.

आठवड्यातून एकदा खालीवर करा. बेळगावचा पाऊस ठाऊक आहेच, तेव्हा जूनआधी बादली पत्र्याखाली हलवा. जाड, मळकट अळ्या दिसल्या तर फेकू नका, त्या तुमचंच काम करतायत. खत व्हायला दोन-तीन महिने लागतात. गांडुळं, कल्चर पावडर (कचरा लवकर कुजवणारी भुकटी) वगैरे आत्ता विसरा.

आणि शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवा. पहिलं खत त्यांच्या तुळशीला दिलंत, तर त्यांच्या सालीही तुमच्याकडे येतील.