मुळशीत डोंगरउतारावर घर बांधायचंय. साइट अ‍ॅनालिसिससाठी वेगळे पैसे द्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुळशीत २० गुंठे उताराची जागा आहे, वरच्या कोपऱ्यातून धरणाचं पाणी दिसतं म्हणून घर तिथेच हवंय. आर्किटेक्ट साइट अ‍ॅनालिसिसचे (म्हणजे बांधण्याआधी जागेचा उतार, माती, पाणी, ऊन-वारा अभ्यासण्याचे) वेगळे पैसे मागतोय आणि तुमचं म्हणणं, ऊन-वारा-पाऊस तर मोबाइलवरही कळतो.

मी लँडस्केपचंच काम करते, तेव्हा माझं मत पैसे द्यावेत या बाजूला झुकलेलं धरून चाला. पैसे द्या, पण हातात काय मिळणार ते आधी विचारा.

मोबाइलवर मिळते ती नुसती माहिती. वारा नैऋत्येचा, माती लाल, खाली मुरूम, हे बाण काढून रंगीत शीटवर कुणीही दाखवेल, आणि बरेच जण तेवढ्यावरच थांबतात. खरं काम प्रत्येक नोंदीपुढे ‘म्हणून’ लिहिण्याचं आहे.

पाण्याचंच बघा. २० गुंठे म्हणजे साधारण २,०२० चौरस मीटर. जुलैत तुमच्या भागात दिवसाला १०० मिमी पाऊस पडला तर कुणी भुवई उंचावत नाही. तेवढ्यात नुसत्या तुमच्या जागेवर दोन लाख लिटर पाणी पडतं, वरच्या शेतातून येतं ते वेगळंच. ते कुठून शिरतं, कुठे वेग घेतं, कुठे तुंबतं? अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या कंटूर रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढून घेतल्या की निम्मं उत्तर नकाशातच दिसतं. उरलेलं जागेवर. कुंपणाच्या तारेत अडकलेला पालापाचोळा बघा, पाणी किती उंच चढलं होतं ते कळतं. निरगुडी किंवा लव्हाळा दाट माजलाय तिथे ओल टिकते, म्हणून तिथे पाया नको, सेप्टिक टँक तर नकोच. जुन्या दगडी ताली (उतारावर माती-पाणी अडवणारे बांध) असतील तर पाडू नका. कुणीतरी ते पाणी तुमच्याआधीच समजून घेतलंय. आणि शेजारच्या शेतकरीदादांकडे चहाला जा, त्यांना हे तोंडपाठ असतं.

आता तुमचा लाडका कोपरा. फाटकापासून ४० मीटरांत ६ मीटर चढायचं असेल तर तो १५ टक्के चढ झाला. गाडी वर न्यायला डोंगर कापा, निघालेल्या मातीचा भराव करा, भरावाला रिटेनिंग वॉल, म्हणजे माती धरून ठेवणारी भिंत, बांधा. खर्चाची खरी गळती इथे असते. शिवाय उंचावरच्या भिंतीवर पावसाळाभर पावसाचा तिरका मारा बसतो. माझा सल्ला, घर थोडं खाली, सौम्य उतारावर घ्या आणि तो कोपरा बसायला मोकळा ठेवा. जागेतलं सगळ्यात सुंदर ठिकाण घराखाली गाडून टाकायचं कशाला?

उन्हाबद्दल परदेशी पुस्तकातला एक सल्ला सगळीकडे फिरतो: पानगळीची झाडं लावा, उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात ऊन. आपल्याकडे पांगारा, सावर ही झाडं ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन तापायला लागतं तेव्हाच निष्पर्ण असतात! एप्रिल-मेमध्ये सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, म्हणून पश्चिम आणि वायव्य बाजूला आंबा, जांभूळ अशी सदाहरित झाडं हवीत. पांगारा जरूर लावा, पण फुलांसाठी आणि पक्ष्यांसाठी.

हे सगळं एकत्र कसं बघायचं? १९६० च्या दशकात अमेरिकेत इयान मॅकहार्ग या लँडस्केप आर्किटेक्टने ही पद्धत रुजवली. उतार, माती, पाणी, झाडं यांचे वेगवेगळे नकाशे पारदर्शक कागदावर काढायचे, अडचणीची जागा गडद करायची आणि सगळे एकमेकांवर ठेवायचे. जिथे फिकं राहतं तिथे बांधा. तुमच्या जागेला चार ट्रेसिंग पेपर पुरतात. त्यावर मग घर, पार्किंग, विहीर, भाजीचा वाफा यांचे ढोबळ गोल मांडायचे. मोजून आखणी त्यानंतर.

तर आर्किटेक्टकडे मागा: कंटूरसह मोजणी, मोठ्या झाडांची खोडं आणि घेर दाखवणारा नकाशा, दोन-तीन ठिकाणी खड्डा खणून मातीची तपासणी, पाण्याच्या वाटा, आणि घराच्या निदान दोन पर्यायी जागा कारणांसकट. एवढं देणार असेल तर फी वाजवी आहे. मोजणी उन्हाळ्यात, गवत वाळलेलं असताना उरका, आणि आराखडा पक्का करण्याआधी एका धो-धो पावसात गमबूट घालून जागेवर चक्कर मारा. आर्किटेक्टलाही सोबत न्या.