धाग्याचं टोक

प्रिय मित्रा,

‘चिरंजीव’ लिहिणार होतो, पण तेवढा म्हातारा अजून झालेलो नाही. तुझं पत्र पोचलं. स्टीम, म्हणजे कॉम्प्युटर गेम्सचं ते ऑनलाइन दुकान, उघडलं की तेच ते दिसतं, दहा गेम्स पाहिले तरी एकच गेम दहा वेळा पाहिल्यासारखा वाटतो, तेव्हा छोट्या, डोकेबाज इंडी गेम्सची (मोठ्या कंपनीशिवाय केलेल्या गेम्सची) एक यादी पाठवा, असं तू लिहिलं आहेस. यादी करायला मी बसलोही होतो. चाळीस नावं झाली आणि कागद बाजूला ठेवला. ती माझी आवड होती. शिवाय अशी यादी करणाऱ्या कोणाचीही यादी घे, निम्मी नावं तीच निघतात.

२०२४ या एका वर्षात स्टीमवर १८,००० हून जास्त गेम्स आले. दिवसाला जवळजवळ पन्नास. एवढ्या ढिगात वरवर हात घातला तर जे आधीच तरंगतंय तेच हाताला लागणार. म्हणून ढीग उपसत बसू नकोस. तुला मनापासून आवडलेला एकच गेम घे आणि तो आला कुठून ते बघ. कोणी केला, त्याआधी त्याने काय केलं होतं, कोणत्या साधनात केलं, कोणत्या निमित्ताने केलं. मी इतकी वर्षं याच रीतीने शोधतोय. पाठीमागे गेलो की पुढचं सापडतं.

तुझ्या पत्रात सेलेस्टचं नाव दोनदा आलंय, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. उड्या मारत डोंगर चढायचा तो मोठा सेलेस्ट २०१८ चा. पण मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी २०१५ मध्ये त्याची पहिली, चिमुकली आवृत्ती चार दिवसांत केली होती, ती पिको-८ मध्ये. पिको-८ हा यंत्र म्हणून कधीच अस्तित्वात नसलेला, फक्त कॉम्प्युटरवर चालणारा कन्सोल आहे. जोसेफ व्हाइटने तो कल्पनेने रचला आणि मुद्दाम तोकडा ठेवला: १२८ बाय १२८ पिक्सेलचा पडदा, सोळा रंग, ३२ किलोबाइटची कार्ट्रिज (एक गेम मावेल एवढी डबी). म्हणजे फोनने काढलेल्या एका फोटोत अशा कितीतरी कार्ट्रिज मावतील. गंमत अशी की पिको-८ ची कार्ट्रिज हीच मुळात एक चित्राची फाइल असते. कार्ट्रिजच्या त्या चित्रातच अख्खा गेम दडवलेला असतो. आणि कोणाचीही कार्ट्रिज उघडून आतला कोड वाचता येतो.

ती चार दिवसांची आवृत्ती खेळ. डॅश (हवेतली झेप) तोच, भिंतीवरून उडी मारणं तेच, पडून मरणं आणि त्याच क्षणी पुन्हा उभं राहणंही तेच. कथा मात्र नाही, ते संगीत नाही, संवाद नाहीत. मोठ्या गेममधलं तुला नेमकं काय आवडलं होतं, हे तिथे अर्ध्या तासात कळेल. ते कळलं की पिको-८ मधलेच इतरांचे गेम्स बघायला लाग. सोळा रंगांत लोक कुठवर पोचलेत हे पाहताना तुझा पहिला आठवडा निघून जाईल.

साधनाचा धागा मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. साधन तोकडं असलं की माणसाला काहीतरी सोडून द्यावं लागतं, आणि काय सोडलं यात त्याची बुद्धी दिसते. बिट्सी बघ. अ‍ॅडम लेडूने केलेलं हे साधन ब्राउझरमध्येच चालतं. त्यातलं पात्र आठ बाय आठ पिक्सेलचं, हालचाल दोनच चित्रांची. चालायचं, कशाला तरी धडकायचं, मजकूर वाचायचा; बस. तरीही लोकांनी त्यात डायऱ्या लिहिल्यात, माफीनामे लिहिलेत, आजीचं घर उभं केलंय. स्टीफन लॅव्हेलने २०१३ मध्ये पझलस्क्रिप्ट आणलं. त्यात ढकलाढकलीची कोडी पानभर मजकुरात लिहिता येतात. त्यातही कोड बघायची सोय आहे, त्यामुळे कोडं सुटलं नाही तर निदान ते रचलं कसं हे तरी कळतं. (मी हे बऱ्याचदा केलंय. कोडं सोडवण्यात माझी गती बेताचीच.)

दुसरा धागा माणसाचा. लुकास पोपचा पेपर्स, प्लीज तू ऐकला असशील: २०१३ चा गेम, सीमेवरच्या चौकीत बसून पासपोर्ट तपासायचे. त्याच्या आदल्या वर्षी पोपने लुडम डेअर या गेम करण्याच्या स्पर्धेसाठी द रिपब्लिया टाइम्स नावाचा छोटासा गेम केला होता. त्यात तू एका हुकूमशाहीतल्या वर्तमानपत्राचा संपादक. कोणती बातमी मोठी छापायची, कोणती छोटी, कोणती गाळायची एवढंच ठरवायचं. घरचे लोक सरकारच्या ताब्यात आहेत. दोन्ही गेम्स लागोपाठ खेळलास तर दिसेल की साध्या कारकुनी कामातून माणसाला कात्रीत पकडायचं, ही युक्ती त्याला आधीच सापडली होती. पुढच्या वर्षी फक्त टेबल बदललं. ज्याचा कुणाचा गेम आवडेल, त्याच्या पानावर जाऊन तळाशी जा. सगळ्यांत जुनं, ओबडधोबड, कोणी न उघडलेलं तिथे असतं.

आता गेम जॅम, म्हणजे ठरलेल्या वेळात, दिलेल्या विषयावर गेम करायच्या अशा स्पर्धा. इथे जरा रेंगाळतो, कारण नजर तयार व्हायला याच्यासारखी जागा दुसरी नाही. लुडम डेअर २००२ पासून चालू आहे. त्याच्या मूळ प्रकारात एकट्याने, शून्यापासून, ४८ तासांत गेम करायचा, विषय सगळ्यांना एकच. अशा जॅममध्ये लोक निकालाच्या वरच्या दहा नावांपाशी थांबतात. तू तसं करू नकोस. लुडम डेअरमध्ये एकूण गुणांशिवाय मजा, चित्रं, आवाज, विनोद असे वेगवेगळे गुण देतात. त्यात एक रकाना ‘इनोव्हेशन’चा असतो. त्या रकान्यात वर असलेले आणि एकूण गुणांत खाली गेलेले गेम्स आधी उघड. ते बहुधा नीट चालत नाहीत, कधी अर्ध्यातच संपतात, पण त्यांत असं काहीतरी असतं जे तू आधी पाहिलेलं नसतं.

आणि विषय आधी वाच, मग स्वतः पाच मिनिटं विचार कर: मी काय केलं असतं? जीएमटीके नावाच्या आणखी एका जॅमचा २०२२ चा विषय फासे टाकण्याचा होता. मला पहिलं सुचलं ते असं, की फासा चौकटींवरून घरंगळत न्यायचा आणि वर येणाऱ्या आकड्यावर पुढचं ठरवायचं. भराभर गेम्स उघडले, तर मला सुचलेलं शेकडो जणांना सुचलं होतं. वाईट वाटलं नाही, उलट सोपं झालं. तेवढे सगळे ओलांडून पुढे गेलो, आणि जिथे हा माणूस फाशापर्यंत पोचला कसा हेच कळेना, तिथे थांबलो. पहिली कल्पना सगळ्यांची एकच असते. दुसरी, तिसरी कुणाची, ते शोधायचं.

जॅममधलं पुढे मोठं झाल्याची उदाहरणंही आहेत. सुपरहॉट २०१३ च्या एका सात दिवसांच्या जॅममधून आला: तू हललास तरच वेळ हलते, एवढी एकच गोष्ट. पूर्ण गेम २०१६ मध्ये निघाला. बाबा इज यू हा अर्वी तेइकारीचा गेम २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये जन्मला आणि २०१९ मध्ये बाजारात आला. त्यात गेमचे नियमच शब्दांचे ठोकळे म्हणून पडलेले असतात. ठोकळा सरकवला की नियम बदलतो, भिंत भिंत राहत नाही. (नावातल्या बाबाचा आपल्या बाबांशी काही संबंध नाही. मराठी माणसाला पहिले दहा मिनिटं तरी हसू येतंच.) पण जे मोठे झाले तेवढेच चांगले होते असं समजू नकोस. काही कल्पनांचा जीवच दहा मिनिटांचा असतो, आणि त्या तेवढ्याच ठेवणाऱ्याचं मला जास्त कौतुक वाटतं.

जेसन रोररचा पॅसेज घे. २००७ चा, पाच मिनिटांचा. पडदा शंभर बाय सोळा पिक्सेलचा, म्हणजे पट्टीच म्हण. डावीकडून उजवीकडे चालत जायचं. सुरुवातीलाच एक सोबतीण भेटते. तिला सोबत घेतलंस तर तुम्ही दोघं मिळून रुंद होता आणि अरुंद वाटांतून पलीकडच्या पेटाऱ्यांपर्यंत पोचता येत नाही. पुढचं सांगत नाही. फक्त दोनदा खेळ, एकदा तिच्यासोबत, एकदा तिच्याशिवाय. हा गेम तीस तासांचा असता तर त्यात सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

अशा गेमला बसताना थोडी शिस्त लागते. आवाज चालू ठेव. दुसरी खिडकी बंद कर. उत्तर शोधायला लगेच धावू नकोस. छोट्या गेममध्ये नियम समजून घेणं हाच बहुतेकदा गेम असतो, आणि ते दुसऱ्याने सांगितलं की उरतं फक्त बटणं दाबणं.

दुकानांचं थोडक्यात. इच डॉट आयओ हे छोट्या गेम्सचं ऑनलाइन दुकान २०१३ मध्ये लीफ कॉर्कोरनने सुरू केलं. तिथे विक्रीतला किती वाटा दुकानाला द्यायचा हे गेम करणाराच ठरवतो, शून्यसुद्धा चालतो. त्यामुळे जे कुठेच खपणार नाही तेही तिथे सुखाने नांदतं. मुखपृष्ठावरचं लोकप्रिय सोडून दे. एका बैठकीला किती वेळ लागतो यानुसार गाळणी लावता येते, ती काही मिनिटांवर ठेव. लोकांनी केलेली कलेक्शन्स चाळ. तुझ्यासारखी आवड असलेला एक अनोळखी माणूस सापडला, की शंभर टॅगचं काम तो करतो. स्टीमवर मात्र नेक्स्ट फेस्टची वाट बघ. वर्षातून तीनदा येतो, आठवडाभर डेमोंचा पूर असतो. आणि इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलच्या याद्या जरूर वाच, विजेत्यांपेक्षा नामांकनं आणि उल्लेखनीय म्हणून खाली दिलेली नावं. त्यांचा नुओवो पुरस्कार खास विचित्र गेम्ससाठीच असतो. त्यांच्या सर्वोच्च पुरस्काराला शेमस मॅक्नॅलीचं नाव आहे. २००० साली ट्रेड मार्क्स या गेमसाठी तो पुरस्कार त्याला मिळाला आणि त्यानंतर काही दिवसांतच तो कॅन्सरने गेला. एकवीस वर्षांचा होता. ते नाव वाचताना मी दरवेळी एक क्षण थांबतो.

एक सावधगिरी. ‘माझा गेम टेस्ट करशील का’ म्हणून अनोळखी माणसाने फाइल पाठवली तर ती चालवू नकोस. खाती पळवण्याचा तो जुना धंदा आहे. ब्राउझरमध्ये चालणारं आधी तिथेच खेळ.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुला उपदेश ऐकल्यासारखं कमी वाटेल. जून २०२० मध्ये इचवर वांशिक न्यायाच्या कामासाठी एक मोठा बंडल (गेम्सचा एकत्र विकलेला गठ्ठा) निघाला. १,७०० हून जास्त गोष्टी त्यात होत्या आणि ८० लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. मीही घेतला. पैसे चांगल्या कामाला गेले, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या रात्री मी यादी खालीवर करत बसलो आणि एकही गेम उघडला नाही. आजवर त्यातले साठ तरी खेळलो असेन की नाही शंका आहे. साठवण्याची नशा वेगळी आणि शोधण्याची वेगळी, आणि पहिली चढली की दुसरी उतरते. आता मी एका वेळी एकच उतरवतो, खेळतो, चार ओळी वहीत लिहितो, मग पुढचा.

आवडलेल्यांची प्रत मात्र जपून ठेव. अ‍ॅडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं तेव्हा त्यावर चालणारे ब्राउझरमधले हजारो गेम्स एका रात्रीत मुके झाले. फ्लॅशपॉइंटसारख्या प्रकल्पात लोकांनी लाखाहून जास्त वाचवले, नाहीतर माझ्या विशीतलं निम्मं जग आज दाखवायलाही उरलं नसतं. छोट्या गेमला कंपनी नसते, गोदाम नसतं. करणाऱ्याने पान काढून टाकलं की संपलं.

आणि खेळून झाल्यावर दोन ओळी त्या पानावर लिही. ‘मस्त’ नको. कुठे हसू आलं, कुठे अडकलास, कोणता नियम तू आधी चुकीचा समजलास, ते लिही. करणाऱ्याला तेच हवं असतं. स्टीमवर तर हा सरळ हिशोब आहे: विकत घेणाऱ्यांची दहा परीक्षणं जमेपर्यंत गेमला कोणताच शेरा मिळत नाही, आणि शेरा नसलेल्या गेमपाशी लोक थांबत नाहीत. परीक्षण लिहिणारा पन्नास हजारावा कोणीही असतो. सातवा, आठवा होणं तुझ्या हातात आहे. आणखी एक: तिथे १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात. तासाभराचा गेम पूर्ण संपवून पैसे परत मागणारे लोक आहेत. तू त्यांतला होऊ नकोस, एवढंच.

पुढच्या पत्रात तीन नावं कळव, जी मी ऐकलेली नसतील.

तुझा,
(सही ओळखशीलच)

ता. क. पिको-८ चा तो चार दिवसांचा सेलेस्ट वेगळा शोधायची गरज नाही. मोठ्या गेमच्या तिसऱ्या प्रकरणात, त्या हॉटेलात, एका लपलेल्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर ठेवलाय. त्यात तो पूर्ण खेळता येतो. तू त्या खोलीच्या भिंतीला लागून दोनदा तरी गेला असशील.