डर्बीआधीचं टपाल

कोलकात्याची डर्बी, म्हणजे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन फुटबॉल क्लबांमधला सामना, तोंडावर आली की या सदराचं टपाल पालटतं. एरवी गुडघेदुखी, शाळेच्या संघातली निवड, बूट कोणते घ्यावेत असे प्रश्न येतात. या महिन्यात मात्र मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, दुसरं काही नाहीच. रिफायनरी, ओएनजीसी आणि युनिव्हर्सिटीमुळे बडोद्यात बंगाली घरं पुष्कळ, आणि त्यांच्या शेजारी वाढलेली आपली मराठी मुलंही. काही निवडक पत्रांना उत्तरं देते.

माझं माहेर दांडिया बाजारातलं, सासर बंगाली. सासरे कट्टर ईस्ट बंगालवाले. सासूबाईंचं माहेर उत्तर कोलकात्यातलं, त्यामुळे त्या मोहन बागानच्या. डर्बीला आमच्याकडे बरीच माणसं जेवायला आहेत. लग्नानंतरची माझी ही पहिलीच डर्बी. मी कुणाच्या बाजूनं बसू? आणि जेवायला काय करू, की तेही ठरलेलं असतं?
— एक सून, सुभानपुरा

पोरी, जेवणाचं आधी सांगते, कारण ते खरंच ठरलेलं असतं. ईस्ट बंगाल जिंकलं तर इलिश, म्हणजे हिल्सा. मोहन बागान जिंकलं तर चिंगडी, म्हणजे आपली कोळंबी. तू दोन्ही आणून ठेव. पावसाळ्याचे दिवस असतील तर भरूचची हिल्सा मिळते का बघ. नर्मदेच्या मुखाशी ती येते. आता पूर्वीसारखी येत नाही आणि महागही पडते, पण ताजी मिळाली तर सासरे तुझं नाव काढतील. एरवी बर्फातली घ्यावी लागेल. काटे फार असतात, म्हणून माहेरची मंडळी येणार असतील तर त्यांना कोळंबीच वाढ.

बाजूचं मात्र घाईनं ठरवू नकोस. मूळचे कोलकात्याकडचे ते मोहन बागानचे, पूर्व बंगालातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, आलेले ते ईस्ट बंगालचे, असं तिकडे साधारण धरतात. आधी दोघांनाही बोलतं कर.

सासूबाईंना १९११ सालाबद्दल विचार. त्या वर्षी २९ जुलैला मोहन बागाननं आय.एफ.ए. शील्ड या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं. समोर बूट घातलेले गोरे सैनिक, आणि आपल्या अकरांपैकी एक सोडला तर सगळे अनवाणी. कप्तान शिवदास भादुरींनी बरोबरी साधून दिली आणि अभिलाष घोषांनी विजयी गोल केला. सासूबाईंच्या माहेरी हा सामना घरातल्या लग्नकार्यासारखा सांगत असतील. १८८९ साली स्थापन झालेला हा क्लब त्या दिवसापासून साऱ्या देशाचा झाला.

सासऱ्यांना मात्र क्लबबद्दल आधी विचारू नकोस. 'बाबा, आपलं मूळ गाव कुठलं?' एवढंच विचार. ढाका, बारिसाल, फरीदपूर, असं काहीतरी नाव येईल आणि मग बराच वेळ तुला बोलावं लागणार नाही. ईस्ट बंगाल फाळणीतून जन्मला असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही. जुलै १९२० मध्ये मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान क्लबनं शैलेश बोस या खेळाडूला बाहेर बसवलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांना ते सहन झालं नाही. पूर्व बंगालच्या माणसाला डावललं, म्हणून ते बाहेर पडले आणि १ ऑगस्टला नवा क्लब उभा राहिला. फाळणी त्यानंतर सत्तावीस वर्षांनी झाली. पण १९४७ नंतर घर, शेत, तळं, सगळं मागे टाकून आलेल्या लाखो लोकांना त्या परक्या शहरात हक्कानं आपलं म्हणावं असं जे थोडं होतं, त्यात हा क्लब होता. लाल-सोनेरी जर्सीसाठी म्हातारी माणसं का रडतात, ते एवढ्यावरून कळावं.

आणखी एक गोष्ट जेवणाच्या वेळी अवश्य काढ. मोहन बागानचा सर्वांत गाजलेला बचावपटू गोष्ठ पाल, ज्याला लोक चीनची भिंत म्हणत, तो जन्मानं फरीदपूरचा, म्हणजे पूर्व बंगालचाच. या एका नावावर तुझे सासू-सासरे रात्रभर भांडतील, आणि दोघांनाही तू आवडशील.

हे सगळं ऐकून मन जिकडे ओढेल तिकडची हो. करंडक मोजून बाजू ठरवू नकोस.

आम्ही दोघे मित्र एम. एस. युनिव्हर्सिटीत आहोत. पैसे साठवून प्रत्यक्ष डर्बी बघायला चाललो आहोत. कसं जावं, काय काळजी घ्यावी?
— दोन विद्यार्थी, फतेगंज

जा, जरूर जा. अहमदाबाद–हावडा गाडी बडोद्यावरून जाते. प्रवास दीड दिवसाच्या आसपासचा आणि गाडीला उशीर होणार हे धरूनच चाला, म्हणजे सामन्याच्या आदल्या दिवशी पोचाल असंच आरक्षण करा. हावड्याला उतरलात की स्टेशनातच मेट्रो आहे. हुगळीच्या पात्राखालून जाते आणि त्याच मार्गावर पुढे सॉल्ट लेक स्टेडियम नावाचं स्थानक लागतं. गाडी बदलावी लागत नाही.

तिकीट काढताना गॅलरी कुणाची ते नीट पाहा. समोरच्या बाजूचं सहज मिळतंय म्हणून ते घेऊ नका. मोहन बागानच्या गॅलरीत लाल टी-शर्ट, ईस्ट बंगालच्या गॅलरीत हिरवा, असला वेडेपणा तर अजिबात नको. अजून कुणाचेच नसाल तर पांढरा घाला. पाण्याची बाटली फाटकावर काढून घेतात, म्हणून आत जाण्याआधी पोटभर पाणी प्या. आणि शिट्टी वाजल्यावर पंधरा-वीस मिनिटं जागेवरच बसा. जिने मोकळे होऊ द्या. हे मी हौसेनं सांगत नाही. त्याचं कारण पुढच्या पत्राच्या उत्तरात आहे.

स्टेडियमचं नाव विवेकानंद युवा भारती क्रीडांगण, पण तिकडे सॉल्ट लेक म्हटलं की पुरे. १३ जुलै १९९७ ला तिथं याच दोन संघांच्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला १,३१,७८१ प्रेक्षक होते. आता खुर्च्या बसवल्यामुळे आसनं बरीच कमी झाली आहेत. आवाज कमी झालेला नाही.

आदल्या दिवशी सकाळी 'मैदान' नावाच्या शहरातल्या मोठ्या मोकळ्या पटांगणावर चक्कर मारा. ईडन गार्डन्सच्या आसपास दोन्ही क्लबांची जुनी मैदानं आणि त्यांचे तंबू आहेत. क्लबच्या कचेरीला तिथं तंबूच म्हणतात. गोष्ठ पाल यांचा पुतळाही तिथंच आहे. हे न बघता परत आलात तर मला सांगू नका.

माझा दहा वर्षांचा मुलगा मोहन बागानचा भक्त झाला आहे. मागची डर्बी हरल्यावर तो रात्री जेवला नाही. शेजारचा त्याचा मित्र ईस्ट बंगालचा, त्यानं चिडवलं म्हणून त्याच्याशी बोलणंच टाकलं. या वेळी टीव्ही लावूच नये असं आम्हा दोघांना वाटतं.
— एक बाबा, कारेलीबाग

टीव्ही बंद करू नका, दादा. मुलाला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी इतकं जिवापाड आवडलं आहे. ते बंद पडद्यानं विझवू नये. हरल्यावर रडला तर रडू द्या. 'खेळच तर आहे' असं तर मुळीच म्हणू नका. शाळेत पी.टी. शिकवताना हे वाक्य मी पालकांच्या तोंडून फार ऐकलं, आणि त्यानं शांत झालेलं एकही मूल मला दिसलं नाही.

मित्राशी बोलणं टाकलं, हे मात्र गंभीर आहे. त्यासाठी तुम्हाला त्याला काही गोष्टी सांगाव्या लागतील.

३० सप्टेंबर १९७५ ला शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालनं मोहन बागानला ५-० असं हरवलं. त्यातले दोन गोल श्याम थापाचे. मोहन बागानच्या लोकांना त्या माणसाचं नावही नकोसं झालं असेल. तोच श्याम थापा १९७८ साली मोहन बागानकडून खेळला आणि त्यानं गोलाकडे पाठ करून, हवेत झोकून देऊन मारलेल्या लाथेनं ईस्ट बंगालवर गोल केला. आजही डर्बीचा सर्वांत देखणा गोल म्हणून लोक तोच सांगतात. मुलाला विचारा, आता याला शत्रू म्हणायचं की आपला?

दुसरी गोष्ट १६ ऑगस्ट १९८० ची. ती त्याला समजेल अशा बेतानं सांगा, पण सांगा. ईडन गार्डन्सवर डर्बी चालू होती. मैदानात धसमुसळेपणा झाला, दोघांना बाहेर काढलं, गॅलरीत मारामारी पेटली आणि चेंगराचेंगरीत सोळा प्रेक्षक गेले. सोळा घरांतून माणसं सामना बघायला गेली ती परत आली नाहीत. कोलकात्यात त्या तारखेला त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान करतात. बाटलीत भरलेलं रक्त हिरव्या-मरूनवाल्याचं की लाल-सोनेरीवाल्याचं, हे तिथं कुणी विचारत नाही.

आणि तिसरी, अगदी अलीकडची. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर शहर रस्त्यावर उतरलं होतं. १८ तारखेची ड्युरंड कपची डर्बी बंदोबस्ताचं कारण देऊन रद्द केली गेली. तरीही दोन्ही क्लबांचे समर्थक स्टेडियमबाहेर जमले, शहरातल्याच मोहमेडन स्पोर्टिंग क्लबचेही आले, आणि सगळ्यांनी मिळून त्या मुलीसाठी न्याय मागितला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या तरी ते एकमेकांना धरून उभे राहिले. शंभर वर्षं ज्यांनी एकमेकांना टोमणे मारले, त्यांनी त्या संध्याकाळी एकमेकांचे झेंडे खांद्यावर घेतले.

आता करायचं काय, तर डर्बीला शेजारच्या मुलाला तुमच्याच घरी बोलवा. दोघं एका सोफ्यावर बसू देत. सामन्याआधी प्रत्येकानं समोरच्या संघातले आपल्याला आवडणारे तीन खेळाडू सांगायचे आणि का आवडतात तेही. नाव घ्यायचं तर आधी बघावं लागतं, आणि नीट बघितलं की तिरस्कार टिकत नाही. अजून एक, राग मानू नका: सामना चालू असताना तुम्ही स्वतः काय बोलता ते तपासा. दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी येणारं चिडवणं बहुतेक वेळा मोठ्यांच्या खोलीतून आलेलं असतं.

बडोदा क्रिकेटचं गाव. विजय हजारे, किरण मोरे, पठाण बंधू आपले. कोलकात्याच्या फुटबॉलला एवढी जागा कशाला?
— एक ज्येष्ठ वाचक, खारीवाव रोड

काका, हजाऱ्यांचा अभिमान मलाही आहे. पण अरविंद घोष १८९३ ते १९०६ इथंच राहिले, कीर्ती मंदिराच्या भिंती नंदलाल बोसांनी रंगवल्या. बंगाल आपल्याला परका नाही. आणि एका चेंडूवर माझ्या शाळेतली बावीस मुलं एका तासात घाम गाळून घरी जायची, तेही पॅड-ग्लोव्ह्जच्या खर्चाशिवाय. पुढच्या अंकात बडोद्याच्या क्रिकेटवरची पत्रं घेते.

कोण जिंकणार?
— बऱ्याच जणांनी विचारलं आहे

गुणतक्ता बघून मी सांगत नाही. १९९७ च्या त्या सामन्याआधी मोहन बागानचा, प्रशिक्षक अमल दत्तांनी बसवलेला डायमंड व्यूह, म्हणजे खेळाडूंची हिऱ्याच्या आकाराची मांडणी, सगळ्यांना धुऊन काढत होता. प्रशिक्षक पी. के. बॅनर्जींच्या ईस्ट बंगालनं ४-१ असा निकाल लावला आणि भायचुंग भुतियानं तीन गोल केले.

माझं मन लाल-सोनेरी आहे, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. रिफायनरीच्या क्वार्टर्समध्ये शेजारी ढाक्याहून आलेलं कुटुंब होतं, त्यांच्या घरी मी वाढले. ईस्ट बंगाल, २-१. दुसरा गोल कॉर्नरवरून, डोक्यानं.