रस्त्याच्या पाटीवरचे बोले आणि लेकीचं करिअर

स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. लेक टी.वाय.ला, विषय इतिहास. क्लासला जाताना रोज दादरच्या एस. के. बोले मार्गावरून जायची. एकदा तिने घरी विचारलं, हे बोले कोण? कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून ती त्यांच्याच मागे आहे, एमपीएससीची पुस्तकं धूळ खात पडलीत, यजमान चिडलेत. तुम्ही विचारलंय, 'हे खूळ आहे की यात करिअर आहे?'

खूळ आहे. करिअर अजून झालेलं नाही, पण होऊ शकतं, आणि ते कशावर अवलंबून आहे ते सांगतो.

आधी तुमचं एक वाक्य खोडायला हवं. 'एवढे मोठे असते तर पुस्तकात नसते का आले?' महाडचं चवदार तळं पुस्तकात आहे ना? 20 मार्च 1927, बाबासाहेब आंबेडकरांचा सत्याग्रह. त्या पाण्यामागे 4 ऑगस्ट 1923 चा मुंबई कायदेमंडळातला एक ठराव होता. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा, असा. तो मांडला सीताराम केशव बोल्यांनी. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे तळं खुलं केलं, पण कागदावरच. 1926 मध्ये बोल्यांनी पुन्हा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं हे पाळत नाहीत त्यांचं अनुदान थांबवा. शहाण्या माणसाला नेमकी कुठे कळ दाबायची ते ठाऊक होतं!

म्हणून तिला सांगा, बोल्यांचं चरित्र लिहायला घेऊ नकोस. विशीत चरित्र हाती घेतलं की दहा वर्षं जातात आणि हाती कात्रणांची पिशवी उरते. असे दोघेतिघे मी पाहिलेत. त्याऐवजी एकच प्रश्न: 1923 चा ठराव आणि 1927 चं तळं यांच्या मधल्या साडेतीन वर्षांत एखाद्या नगरपालिकेने नक्की काय केलं? कुठलीही एक घ्यावी. तिची इतिवृत्तं, सरकारशी पत्रव्यवहार, आणि त्यावर कायदेमंडळात कुणी प्रश्न विचारला असेल तर तो. मुदत एक वर्ष.

आता तिच्या अडचणीबद्दल. तिला इंटरनेटवर 'काहीच सापडत नाही', असं तुम्ही लिहिलंय. 'बोले' असं मराठीत शोधलं तर 'बोले तैसा चाले' पासून अख्खी संतवाणी हाती लागणारच. आडनावच क्रियापद आहे, बिचारी काय करणार! मराठीत ते 'सी. के. बोले' म्हणूनही येतात, कारण आद्याक्षर सीतारामचं. इंग्रजी कागदांत एस. के.; आणि पदवी मिळाल्यावर नुसते 'रावबहादूर बोले'. एकच माणूस तीन नावांनी वावरतो. पहिल्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर ही सगळी रूपं लिहून ठेवायची.

आणि मग उठून बाहेर पडायचं. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, 1821 मध्ये सुरू झालेला जुन्या सरकारी कागदांचा दप्तरखाना. तिथे माणसाच्या नावाने फाईल मागून उपयोग नाही. खातं आणि साल सांगावं लागतं. म्हणजे 'बोले' विसरायचं आणि विचार करायचा, विहिरींचा प्रश्न 1923 मध्ये कुठल्या खात्याच्या टेबलावर गेला असेल? कारकुनाच्या डोक्याने विचार करता यायला लागला की निम्मं संशोधन झालं. फाईल हातात आली की मूळ पत्रापेक्षा समासातले शेरे आधी वाचावेत. खरं मत तिथे सांडलेलं असतं. कायदेमंडळाच्या कामकाजाचे छापील खंड आहेत, त्या काळची केसरी-ज्ञानप्रकाश ही वर्तमानपत्रं आहेत. स्मरणिका आणि गौरवग्रंथ मात्र सगळ्यात शेवटी. स्मरणिकेतला माणूस कधी चुकतच नाही.

मोडी मात्र तिने आत्ताच शिकावी. त्या काळचं हाताने लिहिलेलं मराठी बरंचसं मोडीत आहे, आणि ती सफाईने वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पुराभिलेख खात्याचेच प्रशिक्षण वर्ग असतात. लिपी सुटते लवकर, हात बसायला मात्र कित्येक महिने जातात.

यजमानांचा प्रश्न पैशाचा आहे, आणि तो रास्त आहे. सरळ वाट म्हणजे एम.ए., मग नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये. पण प्राध्यापकांच्या जागा भरायला किती वर्षं लागतात ते तुम्ही पाहताच, म्हणून त्या एकाच दोरीवर लटकू नये. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा अभिलेख-व्यवस्थापनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. पुण्यात टाटांचं, विक्रोळीला गोदरेजचं स्वतःचं अभिलेखागार आहे. तिथे कागद लावणारी, वाचणारी, त्यांची सूची करणारी माणसं लागतात. या नोकऱ्या थोड्या आहेत, हे लपवत नाही. पण अर्ज करताना 'इतिहासाची आवड' लिहिणाऱ्या पन्नास जणांत स्वतः शोधलेल्या कागदांवरचा वीस पानांचा निबंध जोडणारी मुलगी वेगळी दिसते.

एमपीएससीचा फॉर्म भरू दे. सकाळचे तीन तास त्या अभ्यासाला आणि आठवड्यातला एक दिवस दप्तरखान्याला, एवढं घरात ठरवून घ्या. जूनपर्यंत तिच्याकडून एका नगरपालिकेवरची पहिली पाच पानं झाली तर मला पाठवा. नाहीच झाली तर पुढच्या पत्रात आपण फक्त एमपीएससीबद्दल बोलू.